अर्ध्या बादलीचा ब्रेक

दर रविवारी सकाळी आमचे गुरुजी गॅलरीच्या कठड्यावरून एक लहान बादली सोडायचे. मासे धरायच्या रिळाची दोरी तिच्या कडीला बांधायची, बादली हातभर खाली लोंबकळत ठेवायची आणि वरून मगाने पाणी ओतत राहायचं. अर्धी भरेपर्यंत बादली तसूभर हलता कामा नये. काठोकाठ भरली की मात्र तिने धक्का न देता, हळूहळू खाली गल्लीत उतरायला लागायचं. दोन्ही झालं तर रीळ पास. नाहीतर गुरुजी चहासुद्धा घ्यायचे नाहीत, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचे. रात्रपाळी करून लूमवरून परतणारे लोक खालून विचारायचे, "मास्टरजी, आज क्या फँसा?" गुरुजी वरून म्हणायचे, "वही. बाल्टी."

ते रीळ त्यांनी तरुणपणी बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून घेतलं होतं. विलायती, पितळी, आणि विचित्र. बाकीच्या रिळांना ब्रेकची चकती असते, ती फिरवली की घट्ट होते. याला चकतीच नव्हती. खालच्या अंगाला एक बारीक दांडी होती, ती डाव्या हाताच्या करंगळीने दाबायची. दाबली की चाकाभोवतीचा पट्टा आवळायचा. मूळ चामड्याचा पट्टा कधीच कुजून गेला होता. नवा कुठे मिळणार? गुरुजींनी शेजारच्या लूमकडे बघितलं. तिथे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेल्या बीमला दोर गुंडाळून वजन टांगलेलं असतं, म्हणून सूत जेवढं ओढलं जाईल तेवढंच सुटतं, भसकन सुटत नाही. गुरुजींनी तोच सुती दोर बारीक करून रिळाला गुंडाळला. "आख्ख्या बुऱ्हाणपूरचा कपडा या दोरावर विणला जातो," ते म्हणायचे, "माझा एक मासा थांबणार नाही होय?"

दोराला तेल लावायचं नाही, हा त्यांचा एकच कडक नियम होता. आसाला थेंबभर तेल चालेल, दोर कोरडाच पाहिजे. शाळेत आम्हाला विज्ञान शिकवताना घर्षणाचा धडा आला की ते रीळ वर्गात आणायचे आणि कोणी तेलकट हात लावला तर छडी काढायचे. डब्यात लोणचं असलेल्या मुलांना त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसवलं जायचं. मी दरवेळी शेवटच्या बाकावर.

पोरं त्यांना मागून 'ब्रेकगुरुजी' म्हणायची. मोबाईलवर नव्या रिळांचे व्हिडिओ दाखवायची. "गुरुजी, हे भंगारात द्या. जमाना कुठे गेला." गुरुजी चिडत नसत. "नवीन चांगलंच असतं रे. पण त्याचं सगळं आत. ते आत झिजतं आणि बाहेर सांगत नाही. ऐन वेळेला समजतं. याचं बघ, सगळं बाहेर आहे. दोर झिजला तर आंधळ्यालासुद्धा हाताला लागेल." मी आजवर भरवशाची याहून सरळ व्याख्या ऐकलेली नाही, आणि मी बरीच भाषणं ऐकलेली आहेत. काही तर स्वतःच दिली आहेत.

कॉलेज सुटलं आणि मी नदीच्या कामात पडले. आम्ही सात-आठ पोरंपोरी, एक उधारीचा माईक आणि माझी पत्रकं. 'तापी विकणाऱ्यांनो जवाब द्या', 'आता गप्प बसणार नाही', असली. गुरुजी पत्रक चष्म्याजवळ धरून वाचायचे. "एका ओळीत तीन उद्गारचिन्हं. बाई, तुझ्या पत्रकाला ब्रेकच नाही. नुसतं ओढशील तर दोरी तुटेल."

"आणि नुसतं सोडत राहिलं तर मासा जाईल, गुरुजी."

"म्हणून तर करंगळी दिली आहे देवाने," ते म्हणायचे. मग पत्रकाचा मजकूर दुरुस्त करून द्यायचे. त्यांनी दुरुस्त केलेली पत्रकं लोक फाडत नसत, हेही कबूल करते.

शहराच्या खालच्या अंगाला तापीत एक खोल डोह आहे. रंगाईचं पाणी वाहून आणणाऱ्या नाल्याचं तोंड त्या डोहात सोडायचं ठरलं. आम्ही अर्ज केला की तिथे अजून महाशीर हा दुर्मीळ मासा आहे, तिथे हे पाणी सोडू नका. सरकारी उत्तर आलं, या पात्रात महाशीर नाही. गुरुजींनी त्याच डोहात महाशीर धरून परत सोडलेली होती, एकदा नाही, अनेकदा. पण म्हाताऱ्या मास्तरच्या तोंडी साक्षीला कोण विचारतो? शेवटी भांडून भांडून आम्ही पाहणी मिळवली. साहेब लोक सकाळी डोहावर येणार, गुरुजी गळ टाकणार. मासा निघाला तर फोटो काढून सोडून द्यायचा, आणि नाला दुसरीकडे वळवायचा विचार होणार. नाही निघाला तर प्रश्न मिटला. आमचं सगळं आंदोलन एका करंगळीवर येऊन थांबलं होतं.

आदल्या संध्याकाळी बादली झाली. रीळ पास झालं. मी स्वतः मगाने पाणी ओतलं होतं.

पाहणीसाठी गुरुजींचा मुलगा प्रशांतदादा मुद्दाम इंदूरहून आला होता. त्याला वडिलांचा हा नाद कधी आवडला नाही. लहानपणचे त्याचे सगळे रविवार त्या बादलीने खाल्ले, असं तो म्हणायचा. पण त्या दिवशी पेपरवाले येणार होते, आणि पप्पांचं रीळ काळवंडलेलं दिसू नये असं त्याला वाटलं. गुरुजी झोपल्यावर त्याने ते ओळखीच्या लूम-फिटरकडे नेलं. आमच्या गावात फिटरच्या हाती यंत्र दिलं की तो आधी तेल सोडतो, मग विचारतो काय बिघडलंय. सकाळी डोहाच्या काठावर, सगळ्यांच्या देखत, प्रशांतदादाने रुमालातून रीळ काढलं. सोन्यासारखं चमकत होतं. "सरप्राईज, पप्पा."

गुरुजींनी रीळ हातात घेतलं. दोरावर अंगठा फिरवला. मग धोतराच्या सोग्याने ते बराच वेळ दोर पुसत राहिले. मला वाटलं, भावुक झाले. मागे गाडीचं दार उघडून बसलेले साहेब म्हणाले, "चलिए मास्टरजी, शुरू कीजिए. हमें आगे भी जाना है."

"छान केलंस रे," गुरुजी मुलाला म्हणाले आणि त्यांनी कणकेचा गोळा गळाला लावला.

मासा लागला. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. काठी वाकली, पाण्यावर एक मोठा भोवरा उठला आणि दोरी धावू लागली. गुरुजींची करंगळी दांडीवर पांढरी पडली होती, आणि चाक तसंच गरगर फिरत होतं. जणू ब्रेक नव्हताच. शेवटी त्यांनी फिरत्या चाकावर अंगठा दाबला. अंगठ्याची साल निघाली. दोरी संपली आणि तुटली. पाणी पुन्हा सपाट झालं.

"कछुआ होगा," एक साहेब म्हणाले. दुसरे हसले. कागदावर लिहिलं गेलं, मासा आढळला नाही.

प्रशांतदादा वडिलांचा अंगठा बांधत म्हणाला, "मी किती वर्षं सांगतोय पप्पा, नवीन घ्या म्हणून." आणि ज्या माणसाने जन्मभर त्या रिळाविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नाही, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हां बेटा. म्हातारं झालं ते."

परतताना ऑटोत रीळ माझ्या मांडीवर होतं. मशीनच्या तेलाचा वास नाकात गेला. मी गुरुजींकडे बघितलं.

"येऊ दे वास," ते हळू म्हणाले. "गप्प बस. पोराने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रिळाला आपणहून हात लावला. मायेने लावला."

"आणि डोह, गुरुजी?"

ते शनवारा दरवाजा येईपर्यंत बाहेर बघत राहिले. तिथेच का थांबलो नाही, नवा दोर लावायला दुसऱ्या दिवशीची वेळ का मागितली नाही, हेही मी नंतर विचारलं. "मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. मला हे तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. एका माणसाचा चेहरा पडू नये म्हणून आख्खा डोह सोडायचा, हा कुठला ब्रेक?

नाल्याचं तोंड डोहात आलं. ज्या दिवशी लुगड्यांना रंग लागतो त्या दिवशी डोह लाल, नाहीतर जांभळा. गुरुजींनी नदीवर जाणं बंद केलं, बादलीही बंद केली. पुढच्या थंडीत ते गेले. माझ्याशी शेवटपर्यंत बोलत होते, पत्रकं दुरुस्त करत होते, फक्त रिळाचा विषय कोणी काढायचा नाही.

शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. प्रशांतदादा रडला, खरंखुरं रडला. म्हणाला, "पप्पांनी ज्याला जीव लावला त्याच जुन्या रिळाने त्यांना दगा दिला." हॉलभर माना हलल्या. माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. खाली उतरून तो मला म्हणाला, "ताई, तुम्हाला हवं तर घेऊन जा ते. आमच्याकडे अडगळच होईल."

मी आणलं. तेलाने ओला झालेला दोर काढून फेकला आणि लूमच्या सामानाच्या दुकानात नवा सुती दोर मागितला. दुकानदाराने विचारलं, "कौन से लूम का?" मी म्हटलं, "मछली के." त्याने बारीकातला दोर कापून दिला.

गप्प बस म्हणाले होते, ते होते तोवर बसले, शोकसभेतही बसले. आता लिहिते आहे, आणि प्रशांतदादा, तू हे वाचशील हे ठाऊक असून लिहिते आहे. तुला कोणी दोषी म्हणत नाही. पण त्या रिळाला दगाबाज म्हणू नकोस.

परवाच्या रविवारी मी आमच्या गॅलरीतून बादली सोडली. करंगळी दांडीवर ठेवली आणि आईला मगाने पाणी ओतायला लावलं. अर्धी झाली, हलली नाही. पाऊण झाली, दोर किंचित कुरकुरला. काठोकाठ भरली तेव्हा ती आवाज न करता, पाण्याचा थेंब न सांडता, खाली उतरू लागली. खालून कोणीतरी विचारलं, "दीदी, क्या फँसा?"

बादली गल्लीत टेकेपर्यंत मी करंगळी काढली नाही.