इद्वल प्यू आणि डोक्यावरची तोफ

वेल्समधल्या आमच्या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, गाडीरस्ता संपून नुसतं गवत आणि दलदल सुरू होते तिथे, प्यू लोकांचं शेत होतं. घरात दोन भाऊ, शेत एकाचं. थोरला ग्विलिम ते सांभाळणार, हे दोघं पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. धाकट्या इद्वलनं काय करायचं हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. तो भावाच्या हाताखाली मेंढ्या कातरायचा, दगडी कुंपणांची डागडुजी करायचा. "इद्वल काय, आहेच घरात," असं त्याची आई पाहुण्यांना सांगायची, आणि तो ऐकत उभा असायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आदल्या वर्षी खालच्या गावात तोफखान्याची हंगामी भरती निघाली. उन्हाळ्यात पंधरा दिवस समुद्रकाठी तंबूत राहायचं आणि तोफ चालवायला शिकायचं. माझा एक पाय आखूड, नाहीतर मीही गेलो असतो. इद्वल नाव नोंदवून आला आणि आई भडकली.

"इथे काय कमी आहे रे तुला?"

"काही नाही गं. पंधरा दिवस तर जातोय."

"जाऊ दे गं त्याला," ग्विलिम हसला. "इंग्रजीत चार शिव्या खाईल आणि मुकाट परत येईल."

पण लढाई पेटली, आणि त्या पंधरा दिवसांची सहा-सात वर्षं झाली.

पुढे मालवाहू जहाजांवर तोफा बसवल्या. त्या चालवायला माणसं कमी पडली, म्हणून तोफखान्यातले काही जवान बोटींवर धाडले. त्यात हा. जन्मभर मेंढ्यांमागे फिरलेला माणूस, पोहता येत नाही, आणि नेमणूक जहाजाच्या शेपटाकडच्या तोफेवर! बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात दक्षिण अटलांटिकमध्ये एक साधंसुधं व्यापारी जहाज जवळ आलं. त्याच्या बाजूच्या फळ्या खाली पडल्या आणि आतून जर्मन तोफा बाहेर आल्या. इद्वलच्या तोफेतून मोजके गोळे सुटले असतील-नसतील, तोवर त्याचं जहाज पेटलं होतं. पाण्यातून त्याला उचललं ते त्याच जर्मन जहाजानं. उचलून मालखान्यात कोंडलं.

"वाईट वागवलं नाही त्यांनी," हे इद्वल पुढच्या आयुष्यात नेहमी आधी सांगायचा. काळा पाव मिळायचा, सूप मिळायचं. दिवसातून एकदा वर हवा खायला नेत. पण बाकी सगळा वेळ जहाजाच्या पोटात. छत इतकं खाली की ताठ उभं राहिलं तर डोकं आपटे. झोपायला एकावर एक टांगलेल्या झोळ्या, एक पिवळा दिवा, घामाचा वास. वर जाड लोखंडी झाकण, आणि त्याची कडी बाहेरून. इद्वल म्हणायचा, इतकी माणसं एकत्र श्वास घेतात ना, तेव्हा आपल्या वाट्याला दुसऱ्याचाच श्वास येतो.

एका सकाळी घंटा घणघणली, धावपळ झाली आणि बाहेरून झाकणाची कडी लागली. मग डोक्यावरची तोफ उडाली. सगळा मालखाना हादरला, दिवा विझला. जर्मनांना नवी शिकार सापडली होती.

सोबत कोंडलेले इंग्रज खलाशी त्याला कुठल्याही वेल्श माणसासारखं 'टॅफी'च म्हणत. अंधारात त्यांचा आचारी ओरडला, "ए टॅफी! तू तोफवाला ना? सांग की काय चाललंय!"

इद्वल कान देऊन होता. समोरूनही गोळे येत होते. गोळा पाण्यात पडला की पत्र्यावर घण मारल्यासारखा आवाज होई. पहिला लांब, दुसरा त्याच्या अलीकडे.

"सुधारतोय तो," इद्वल म्हणाला.

"कोण?"

"समोरचा तोफची. नेम सुधारतोय त्याचा."

"शाबास रे पठ्ठ्या!" कुणीतरी ओरडलं, आणि मग एकदम सगळे गप्प झाले. नेम बसला तर जहाज बुडणार होतं, आणि कडी बाहेरून होती.

पुढचा घण अगदी शेजारी पडला. इद्वलनं कपाळ गार पत्र्याला टेकवलं आणि लहानपणी गावच्या चॅपेलमध्ये करायचा तशी आपल्या वेल्श भाषेत देवाची प्रार्थना केली, "चुकू दे. त्याचा नेम चुकू दे."

त्यानंतर समोरून गोळा आलाच नाही. डोक्यावरची तोफ मात्र बराच वेळ चालू होती.

संध्याकाळी झाकण उघडलं आणि नवे कैदी खाली उतरले. त्यांच्यात डंकन नावाचा एक स्कॉट होता. दोन्ही हात चिंध्यांत गुंडाळलेले, भुवया जळालेल्या. समोरचा तोफची तो हाच. त्याच्या तोफेवरची बाकीची सगळी माणसं गेली होती.

"गोळा नळीत अडकला," तो ज्याला त्याला सांगत होता. "अजून एक सुटला असता ना, तर बुडवला असता ह्याला!"

डंकनला चमचा धरता येईना, म्हणून इद्वल त्याला भरवू लागला. रोज दोन वेळा समोरासमोर बसायचं, घास द्यायचा, तोंड पुसायचं. आणि रोज ती 'चुकू दे'ची गोष्ट जिभेवर यायची आणि परत गिळली जायची.

काही महिन्यांनी जर्मनांनी सगळ्यांना जपानात उतरवलं. तिथे बंदरावर पोती वाहायची, कुडकुडत फळ्यांवर झोपायचं, अर्धपोटी. दोघं एकत्रच राहिले. शेवटच्या हिवाळ्यात डंकनची छाती भरली. तो आता उठत नाही हे दिसल्यावर इद्वलनं सगळं सांगून टाकलं.

डंकन कुशीवर त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "तू आत आहेस हे ठाऊक असतं ना, तरी मी मारला असता."

"मारायलाच हवा होतास."

"कुठे बसला होतास रे?"

"मागे. डाव्या अंगाला."

"च्यायला! तिथंच तर मारत होतो!"

आणि दोघं इतके हसले की पहारेकऱ्यानं भिंतीवर दांडका आपटला. पंधरवड्यात डंकन गेला.

पंचेचाळीसच्या अखेरीला इद्वल परतला. ग्विलिमनं मधल्या काळात खालच्या शेतातल्या विधवेशी लग्न करून तिकडेच बस्तान मांडलेलं. आईची एक बाजू लुळी पडलेली. खुर्चीतून ती म्हणाली, "आता हे सगळं तुझंच हो, इद्वल." तो टोपी हातात धरून उभा राहिला. मी तिथेच होतो. वारसा मिळालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

त्यानं कैनवेनशी लग्न केलं. ती लढाईआधीपासून त्याच्यासाठी इतकी वर्षं थांबली होती. पण हा घराचं दार लावू देईना. ऐन थंडीत दार सताड उघडं, सासू खोकतेय, कैनवेन कांबळं पांघरून चूल पेटवतेय. "मेंढपाळाशी लग्न केलं की मेंढीशी, काही कळत नाही बाई," असं ती माझ्या बहिणीला म्हणाली. लढाईबद्दल मात्र तिला तो अवाक्षर सांगत नव्हता.

मग सत्तेचाळीसचा हिमवर्षाव आला. कुंपणं गाडली गेली, मेंढ्या बर्फाखाली अडकल्या. आम्ही लांब काठ्या खुपसून त्या शोधत होतो. आठवडा झाला, बहुतेक मेलेल्याच निघत होत्या. बाकीचे घरी गेले. इद्वल थांबेना.

"अरे, पुरे कर आता," मी म्हटलं. "मेल्यात त्या."

"कडी बाहेरून आहे," तो म्हणाला. मला काहीच कळलं नाही. तेव्हा खणता खणता, माझ्याकडे न बघता, त्यानं मालखान्याची सगळी गोष्ट सांगितली. सांगून होईस्तोवर फावडं लोकरीला लागलं. एक मेंढी जिवंत होती. भुकेनं तिनं स्वतःचीच लोकर खाल्ली होती.

मी म्हटलं, "हे कैनवेनला सांग. आजच."

त्यानं सांगितलं. मेंढी चुलीपाशी ठेवायला मी सोबत होतो, म्हणून मी ऐकलं. कैनवेन पातेल्यातलं दूध ढवळत राहिली. शेवटी म्हणाली, "मीही रोज मागत होते, तू जगावास म्हणून. कुणाच्या बदल्यात, ते मी कधी देवाला विचारलं नाही."

इद्वल टेबलावर डोकं ठेवून रडला. तिनं उठून दार लावलं. थोड्या वेळानं त्यानंच उठून ते वीतभर उघडलं, आणि तिनं तेवढं राहू दिलं.

आई गेल्यावरही त्यानं शेत सोडलं नाही. सोडून जाणार कुठे, असं म्हणायचा. सत्तरी ओलांडून तिथेच वारला. चॅपेलमध्ये तो शेवटपर्यंत दाराजवळच्या बाकावर बसायचा, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत, तेव्हा त्याचे उघडे असत.