कॉलरकाकूंचं घड्याळ

शर्टाची कॉलर बसवणं हे दिसायला सोपं काम आहे. दोन टोकं, मधे एक पट्टी, झालं. पण एक टोक जरा खाली उतरलं की सगळा शर्ट लंगडा दिसतो. कापडाच्या त्या कारखान्यात हे काम इतकी वर्षं एकाच बाईच्या हातात होतं, की तिचं खरं नाव बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. नव्या आलेल्या पोरींपासून गेटवरच्या रखवालदारणीपर्यंत सगळ्या तिला कॉलरकाकू म्हणत.

काकूंच्या डाव्या मनगटावर घड्याळ असे. साधं, गोल, पांढऱ्या तबकडीचं. दोन्ही हात कापडावर सपाट ठेवले की तबकडी नेमकी डोळ्यांसमोर येई. मान उचलायला नको, मशीन थांबवायला नको.

"काकू, आता कोण घालतं हो घड्याळ?" शेजारच्या मशीनवरची कफवाली त्यांना डिवचायची. कफवाली म्हणजे शर्टाच्या बाह्यांना कफ लावणारी. नुकतंच लग्न झालेलं, तोंड दिवसभर चालू. "मोबाइलमध्ये वेळ दिसते, तारीख दिसते, पाऊस पडणार का तेही दिसतं."

"मला पाऊस खिडकीतून दिसतो," काकू म्हणत.

घरीही तेच. काकूंचा मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला होता. "आई, लोक मला विचारतात, तुझ्या आईला तू एक फोन देऊ शकत नाहीस का? माझ्या धंद्याची अब्रू घालवतेस तू."

फोन काकूंकडे होता. पण वेळ बघायला फोन काढायचा, म्हणजे आधी पिशवी उघडायची, मग चष्मा शोधायचा, मग कुणाचा तरी निरोप दिसायचा, त्याला उत्तर द्यायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर वेळ बघायची राहूनच गेली हे लक्षात यायचं. त्यापेक्षा मनगट बरं.

खरं तर त्यांची आणि घड्याळाची गाठ जुनी होती. लग्नाआधी नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांनी पहिली वस्तू घेतली ती घड्याळ. लग्नाच्या दिवशी फोटोला उभ्या राहिल्या तर आत्येसासूबाई पुढे सरसावल्या. "नव्या नवरीच्या हातात घड्याळ? कुठे पळायची घाई आहे का?"

"पळायचं असतं तर आलेच नसते," नवरी म्हणाली.

मग नवरदेवच फिसकन हसला आणि तोच हसरा चेहरा फोटोत कायमचा राहिला. तो माणूस पुढे शाळेच्या बसवर ड्रायव्हर झाला. घरात बायकोला लाडानं 'साहेब' म्हणायचा. लग्नातलं ते घड्याळ केव्हाच बंद पडलं. त्यानंतरचं एक धुण्याच्या बादलीत गेलं. आताचं तिसरं. काकूंचा जीव त्या अमुक एका घड्याळात अडकलेला नव्हता. आपल्या हातावर आपली वेळ असली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग कारखान्यात नवा मॅनेजर आला. तरणाबांड, इस्त्रीचे कपडे, हातात कायम फोन. आल्या आल्या त्यानं बायकांचे फोन गेटवरच जमा करायला लावले. एकेकीसाठी छोटे कप्पे, प्रत्येकीला चावी. कामात लक्ष राहत नाही, असं कारण. त्यावर कुणी फारसं बोललं नाही, कारण ते थोडं खरंही होतं.

त्यानंतर एके दिवशी शिलाईच्या हॉलमधलं भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवलं गेलं. रंग द्यायचाय म्हणाले. रंग दिला. घड्याळ काही परत आलं नाही. ते असायचं त्या जागी नव्या रंगाखाली खिळ्याचं भोक तेवढं उरलं.

आता हॉलमध्ये वेळ सांगायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे घंटा. तिचं बटण ऑफिसात. ती वाजली की काम सुरू, ती वाजली की जेवण, ती वाजली की परत मशीनवर.

थोड्याच दिवसांत बायका कुरबुरायला लागल्या. "अगं, डबा उघडला नाही तोवर घंटा झाली." "माझं वय झालं का गं? संध्याकाळ होता होत नाही." प्रत्येकीला वाटे, आपल्यालाच असं होतंय. हॉलमध्ये फक्त काकूंना माहीत होतं, की जेवणाची घंटा उशिरा वाजते आणि जेवण संपल्याची लवकर. आधी त्यांना वाटलं, आपलं घड्याळ पुढे पळतंय. म्हणून संध्याकाळी गेटवर फोन हातात आला की त्या रोज घड्याळ ताडून बघायला लागल्या. घड्याळ बरोबर होतं.

त्यांनी सुपरवायझरला बाजूला घेतलं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. दोन्हीकडून दाबला गेलेला माणूस होता.

"घंटा चुकतेय," काकू म्हणाल्या.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "काकू, चार-दोन मिनिटांचा प्रश्न आहे. जाऊ द्या ना."

"चार-दोन मिनिटांचाच प्रश्न आहे ना? मग ती वरच्यांनीच जाऊ द्यावीत."

तो सुतानं भरलेली टोपली उचलून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ झाली. घंटा नाही. काकूंनी हातातली कॉलर पूर्ण केली, धागा कापला, मशीनचं बटण बंद केलं आणि उठून उभ्या राहिल्या. सगळ्या मशीनच्या घरघरीत एक मशीन बंद पडली तर खरं म्हणजे कळूही नये. पण कळलं. कफवालीनं मान वर केली.

"काय झालं काकू?"

"जेवायची वेळ झाली."

"पण घंटा?"

"घंटेला भूक लागली नसेल. मला लागलीय."

आणि त्या डबा घेऊन जेवणाच्या खोलीत गेल्या. एवढ्या मोठ्या खोलीत एकट्या बसून जेवल्या. त्या जेवत होत्या तेव्हा घंटा झाली. घोळक्यानं बायका आत आल्या, पण काकूंच्या शेजारी बसायला जरा बिचकल्या. कफवाली मात्र धाडकन समोर येऊन बसली. "उद्या मलाही सांगा," म्हणाली, "वेळ झाली की."

दुसऱ्या दिवशी दोघी उठल्या. त्यानंतरच्या दिवशी अख्खी रांग उठली आणि त्याच दुपारी काकूंना केबिनमध्ये बोलावणं आलं.

मॅनेजरनं त्यांना बसा म्हटलं नाही. काकू उभ्याच राहिल्या.

"घड्याळ?" त्यानं त्यांच्या हाताकडे बोट केलं. "आजच्या काळात घड्याळ कोण घालतं? सगळ्यांकडे मोबाइल असतात."

"ते तुम्ही गेटवर काढून घेता."

मॅनेजरनं खुर्ची जरा मागे सरकवली. "हे बघा. कपड्यात तुटलेली सुई राहू नये म्हणून आपण माल यंत्रातून तपासतो. हातात धातूची वस्तू असली की धोका. उद्यापासून हॉलमध्ये घड्याळ बंद. सगळ्यांनाच."

"कानातली? बांगड्या?"

"सध्या फक्त घड्याळ."

"हॉलमध्ये घड्याळ आहे कुणाकडे माझ्याशिवाय?"

टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला आणि मॅनेजरनं तो उगाचच उलटा ठेवला.

"मी काढणार नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. भाजीवाल्याला 'आज नको' सांगावं तसं सांगितलं.

तिथल्या तिथे त्यांची कॉलरची मशीन गेली. त्यांना धागे कापायच्या टेबलावर पाठवलं. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते धागे छोट्या कातरीनं कापत दिवसभर उभं राहायचं. नवीन पोरींना पहिले काही दिवस तिथे ठेवत, शिक्षा म्हणूनही ठेवत. संध्याकाळी काकू घरी आल्या त्या पाय भिंतीला टेकवून आडव्याच झाल्या.

"आई, कशाला नसत्या फंदात पडतेस?" मुलगा म्हणाला. "तुझी नोकरी राहिलीय किती? काढून ठेव ना ते. मी तुला एक फोन देतो, लपवून नेता येईल असा."

"मी चोर आहे का लपवून न्यायला?"

"मग काय करणार आहेस?"

"घालणार आहे."

मुलानं बापाकडे पाहिलं. बाप गरम पाण्याची पिशवी भरून आणत होता. ती बायकोच्या पोटरीखाली सारत तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? मी लग्नातच हात टेकलेत."

काकूंना हसू आलं, पण झोप लागली नाही. मुलाचं सगळंच खोटं नव्हतं. काढून ठेवलं तर काय बिघडणार होतं? परत मशीन मिळाली असती, खुर्ची मिळाली असती. त्यांनी अंधारात मनगट चाचपून पाहिलं. पट्ट्याखालची कातडी इतक्या वर्षांत पांढरी आणि मऊ झाली होती. ती जागा उघडी पडणार, या विचारानंच त्यांनी पट्टा आणखी एक भोक आवळला.

सकाळी गेटवर नवा हुकूम पोचलेला होता. रखवालदारीण बायकांना एकेक करून फिरत्या आडव्या दांड्यातून आत सोडायची. तिनं काकूंच्या हाताला हात लावला आणि नजर चुकवली.

"काकू, घड्याळ कप्प्यात ठेवायला सांगितलंय. माझ्यावर येईल हो."

"तुझ्यावर नको. तू वर कळव, काकू घड्याळ काढत नाहीत म्हणून."

"मग तुम्हाला आत सोडता येणार नाही."

"नको सोडूस. मी इथे उभी आहे."

आणि त्या दांड्याला हात लावून उभ्या राहिल्या. आत जायची वाट तेवढीच, एका माणसापुरती. मागे रांग वाढत गेली. कुणी म्हणालं नाही, काकू बाजूला व्हा. रखवालदारणीनं फोन लावला. जिन्यावरून मॅनेजर उतरला, फोन हातात, कपाळाला आठ्या.

"काय तमाशा चाललाय?"

तेवढ्यात मागून कफवालीचा आवाज आला. "काकू, किती वाजले हो?"

काकूंनी मनगट वर केलं. "नऊला सात कमी."

नऊला काम सुरू व्हायचं. रांगेतून दुसरा आवाज आला, "काकू, किती वाजले?" मग तिसरा. कुणीतरी अगदी शेवटून ओरडलं, "काकू, ऐकू नाही आलं!" आणि रांग हसायला लागली. काकू दर वेळी मनगट वर करून तितक्याच गंभीरपणे वेळ सांगत होत्या.

"बंद करा हे!" मॅनेजर ओरडला. "त्या घड्याळाचा काय भरवसा?"

"मग तुमच्या फोनमध्ये बघून सांगा," काकू म्हणाल्या.

इतक्या जणींच्या नजरा त्या फोनवर होत्या. न बघून चालणार नव्हतं. त्यानं पाहिलं. "नऊला पाच कमी," तो पुटपुटला.

काकूंनी मनगट त्याच्यासमोर धरलं. काटा तिथेच होता.

आणि नेमकी तेव्हाच आत घंटा वाजली. काम सुरू व्हायची घंटा. लांबलचक, कर्कश, रिकाम्या हॉलमध्ये घुमत राहिलेली. ऑफिसातल्या माणसाला रोजचा हुकूम होता, त्यानं तो पाळला. खाली काय चाललंय, त्या बिचाऱ्याला काय माहीत!

मग रखवालदारणीच्याच तोंडून निघून गेलं, "अगं बाई! आत्ताच?"

त्यानंतर जो हशा उसळला तो रस्त्याच्या पलीकडच्या दुकानापर्यंत गेला. मॅनेजर लालबुंद झाला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात ऐकतो कोण! तो तरातरा जिना चढून गेला. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या घड्याळात नऊ वाजले, तेव्हा त्यांनी दांडा ढकलला. रखवालदारणीनं हात आडवा घातला नाही. मागोमाग सगळी रांग आत गेली.

घड्याळबंदीचा हुकूम मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. त्याबद्दल पुन्हा बोलणंच झालं नाही. घंटा मात्र वेळेवर वाजायला लागली. आणि कारखान्याच्या कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे, जो हल्ली छत्र्या आणि चाव्या दुरुस्त करून पोट भरत होता, अचानक बायकांची रीघ लागली. कुणी कपाटाच्या तळातून सासऱ्यांचं घड्याळ काढून आणलं, कुणी मनगटाभोवती दोनदा फिरेल एवढ्या पट्ट्याचं. कफवालीनं गुलाबी घेतलं. ते पाहून घड्याळजी म्हणाला, "काय हो, फोन संपले का गावातले?"

काकूंना मशीन परत मिळाली नाही. काही दिवसांनी सुपरवायझर धाग्यांच्या टेबलाशी आला, हळूच म्हणाला, "साहेब म्हणतात, एकदा सॉरी म्हणा, उद्याच कॉलरवर बसवतो."

"कशाबद्दल सॉरी?"

"म्हणजे… असंच."

"असंच मी कधी काही म्हणत नाही."

काकूंनी एका शर्टाचे धागे कापून दुसरा ओढला. "निदान बसायला एक स्टूल तरी मागून बघतो," सुपरवायझर म्हणाला. आठवडा गेला, स्टूल काही आलं नाही. धाग्याच्या टेबलावर बसायची पद्धत नाही, असं वरून उत्तर आलं म्हणे.

सोमवारी काकू बसमधून उतरल्या तेव्हा त्यांच्या काखेत स्वयंपाकघरातलं स्टूल होतं, निळं, तीन पायांचं. बसमध्ये लोकांनी वळून वळून पाहिलं. गेटवर रखवालदारणीनं दांडा स्वतःच्या हातानं फिरवला आणि स्टूल अडकलं तेव्हा ते वरून पलीकडे उचलूनही दिलं. काकूंनी ते टेबलाशी मांडलं, पदर खोचला आणि बसल्या.

मॅनेजर फेरीवर आला, थांबला. "हे स्टूल कुणाचं?"

"माझं," कॉलरकाकू म्हणाल्या आणि पुढचा शर्ट ओढला.