फाइट मास्तरांची पानं

फाइट मास्तर धाडकन पडले तरी आमच्या ऑफिसात कुणी धावत जात नसे. नवीन आलेला माणूस मात्र हमखास पाण्याची बाटली घेऊन धावायचा. छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, लोखंडी टोकाचे बूट घातलेला हा गृहस्थ खुर्चीवर चढायचा, हात पसरून कार्पेटवर आडवा व्हायचा आणि तिथूनच ओरडायचा, "डावा पाय कुठे गेला माझा? बघा कुणीतरी! अरे, उचलू नका, नुसतं बघा!" मग उठून, कपडे झटकून, तो पाय कागदावर काढायचा. शिडीवरून पडणारा माणूस पडल्यासारखा दिसला पाहिजे, यावर ते कसलीही तडजोड करत नसत.

फाइट मास्तर हे आम्ही ठेवलेलं नाव; हुद्द्याने ते सेफ्टी डिपार्टमेंटचे ड्राफ्ट्समन. मूळचे वसईचे, पण उमेदीची सगळी वर्षं अबुधाबीजवळच्या मुसफ्फात, लोखंडाच्या यार्डांमध्ये गेलेली. मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदांना नंबर देऊन शिक्के मारणारी बाई. आमची टेबलं शेजारी होती. यार्डात केरळचे फिटर, नेपाळी रिगर, बांगलादेशी हेल्पर आणि पेशावरकडचे वेल्डर. सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत लागायच्या आणि त्या वाचणारे आम्ही ऑफिसातलेच. मास्तरांनी त्या काढून तिथे आपली पानं लावली. एका पानात एक गोष्ट, आडव्या ओळीत तीन चौकटी, शब्द एकही नाही. नायक एक मिशीवाला वेल्डर. तो आगीतून उडी मारायचा, क्रेनखालून निसटायचा, आणि त्याच्या पानापुढे जेवणाच्या सुट्टीत ही गर्दी व्हायची.

लहानपणी ते मारामारीची कॉमिक्स भाड्याने आणायचे आणि बोलण्याचे फुगे अंगठ्याने झाकून वाचायचे. "अंगठा ठेवून गोष्ट कळली तर तो चित्रकार," ते म्हणायचे, "नाहीतर नुसता फुगेवाला." ठोसा ते कधीच काढत नसत. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसरीत कोलमडलेला माणूस. "मधल्या पांढऱ्या पट्टीत ठोसा बसतो, आणि तो वाचणाऱ्याने मारायचा असतो. स्वतः मारलेला ठोसा माणूस विसरत नाही." मला हे सगळं ऐकायला फार आवडायचं. शिक्के मारण्याच्या नोकरीत दुसरं होतं काय!

एकदा मी म्हटलं, "मास्तर, चौकटींवर एक, दोन, तीन तरी टाका."

"कुणाचा एक टाकू? बांगलादेशी भाईचा एक वेगळा, खानसाहेबांचा वेगळा. आणि चित्राला नंबर द्यावा लागला तर मी घरी बसलेलं बरं. मार गं शिक्का, यल्ला, चल लवकर."

मी हसले आणि शिक्का मारला.

पानं गाजली. कामाला येणारे दुसऱ्या कंपन्यांचे सुपरवायझर मोबाइलवर फोटो काढून न्यायचे आणि आपल्याकडे छापून लावायचे. मुसफ्फात कुठल्याही फाटकात शिरलं की मिशीवाला भेटू लागला. कुणी त्यांचं नाव खाली लिहिलं नाही, विचारलंही नाही. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. ते लहान मुलासारखे खूश होऊन सांगत, "आज आणखी एका गेटवर दिसला!"

त्यातलंच एक पान टाकीचं होतं. बंद टाकीत वेल्डिंग करताना आत गॅस साठतो, माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून पहिल्या चौकटीत मिशीवाला हवेचा पंखा सुरू करतो, दुसरीत गॅसचा मीटर बघतो आणि तिसरीत टाकीत उतरतो. इतकं सोपं. ते पान टाकीच्या तोंडाशीच चिकटवलेलं होतं. शेरजमान नावाचा नवा वेल्डर कामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर उभा राहिला, पान नीट पाहिलं, आणि पंखा न लावता सरळ आत उतरला. मीटर हातात घेऊन त्याने पंख्यासाठी वर इशारा केला आणि तिथेच कोसळला. त्याला जिवंत बाहेर काढलं, पण उजवा हात थरथरायचा तो कायमचा. वेल्डरचा हात गेला म्हणजे सगळंच गेलं.

मास्तर ते पान घेऊन हॉस्पिटलात गेले. मी बरोबर होते. "भाई, ये समझ में नहीं आया था क्या?" त्यांनी विचारलं.

"आया था साहब. जैसा बनाया है, वैसा ही किया," शेरजमान म्हणाला आणि त्याने थरथरणारं बोट पानाच्या उजव्या कडेवर ठेवलं. टाकीत उतरणारा माणूस. मग मधे, मीटर. मग डावीकडे, पंखा.

त्याचं लिहिणं-वाचणं उर्दूत झालेलं. तो उजवीकडूनच वाचणार. आम्ही ज्या देशात राहत होतो तिथल्या प्रत्येक पाटीवरची अरबी उजवीकडून वाचली जाते, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. जुन्या पेशावरी वेल्डरांना काम आधीपासून येत होतं. ते पान करमणूक म्हणून बघायचे, म्हणून इतके दिवस निभावलं. मास्तर पलंगाच्या कडेला बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

कंपनीने अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मास्तरांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, चूक माझी आहे, आणि राजीनामा दिला. व्हिसा रद्द झाला, देश सोडायला महिना मिळाला. त्या महिन्यात त्यांना एकच ध्यास होता. टाकीचं पान कुणाकुणाकडे गेलंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते प्रत्येक पान उतरवायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी गाडी काढायची. इतर दिवशी ते उन्हात पायी हिंडायचे. गेटवरचे वॉचमन हसायचे. "अंकल, पोस्टर तो बढिया है." कुणी "इन्शाल्ला, निकाल देंगे" म्हणायचं आणि पान तिथेच राहायचं. एका ठिकाणी त्यांनी स्वतःच ओढून काढलं, तर सुरक्षेचं ऑडिट आहे म्हणून तिथल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नवीन छापून लावलं. एका गेटवर तर धक्काबुक्की झाली, शर्टाचं बटण तुटलं. गाडीत येऊन बसले आणि ओक्साबोक्शी रडले. "अगं, आत्ता या क्षणी कुणीतरी उजवीकडून बघत असेल. मी काय करू? कुठे कुठे जाऊ?" मी एसी वाढवला आणि पुढच्या गेटकडे वळले.

एअरपोर्टवर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "दिसेल तिथे फाड. आठवण म्हणून ठेवायचं नाही. फोटो तर मुळीच नाही, फोटो पळतो."

त्यानंतरच्या चार वर्षांत मी सतरा पानं फाडली. वसईत त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही. फोनवर एवढंच विचारायचे, "मिळालं का?" मिळालं म्हटलं की फोन ठेवायचे, नाही म्हटलं तरी ठेवायचे. गेल्या महिन्यात ते गेले. हार्ट अटॅक.

त्यांच्या बायकोचा, आंटींचा फोन आला. "सगळ्या वह्या जाळल्या गं त्यांनी. नातू विचारतो, आजोबा काय काढायचे? तुझ्याकडे एखादं पान असेलच ना? फ्रेम करून लावीन."

"नाही आंटी," मी म्हटलं. ते खरं होतं.

परवा गाडीचा एसी दुरुस्त करायला मुसफ्फातल्या एका गॅरेजमध्ये गेले, तर वॉटर कूलरच्या मागे अठरावं पान. स्वच्छ छापलेलं. टाकीत उतरताना मिशीवाल्याचा गुडघा वाकलाय, हाताची नस ताणली आहे. इतकं सुंदर कुणी काढतं का! मी ते उतरवून गाडीत घेऊन बसले. आंटींना पाठवता येईल, असं वाटलं. मग वाटलं, त्या कौतुकाने भिंतीवर लावतील, नातू फोटो काढेल, ग्रुपवर टाकेल, आणि त्या ग्रुपवरची त्यांच्या घरची माणसंही आखातातल्या यार्डांतच कामाला आहेत.

गुडघ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पान फाडलं. अगदी बारीक तुकडे होईपर्यंत फाडत राहिले. आंटींना त्यातलं काही कळवलं नाही.