सातपुडा खाली गेला तेव्हा

आमच्या ऑफिसात चुकलेला नकाशा फेकत नाहीत. डब्याच्या वेळी तो टेबलावर पसरतात आणि त्यावर भाकरी ठेवतात. पिंप्राळ्यातलं दोन खोल्यांचं ऑफिस, काम जमिनीची उंची दाखवणारे नकाशे काढायचं. माणसं दोनच. भाऊ मालक आणि मी कॉम्प्युटरवर. इतक्या वर्षांत टेबलक्लॉथ विकत आणायची वेळ आली नाही, यावरून काय ते समजा.

बहुतेक चुका हसण्यावारी गेल्या. एकीनं मात्र एका म्हाताऱ्या माणसाची केळीची बाग बुडवायचीच बाकी ठेवली होती, आणि तो नकाशा माझ्या हातचा होता. तिच्याकडे येतेच.

* * *

माझा पहिलाच आठवडा. यावल तालुक्याचं काम होतं. उंचीचे आकडे ओळीओळीनं येतात आणि फाइलीत पहिली ओळ उत्तरेची असते. सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? त्यानं पहिली ओळ तळाला मांडली आणि बाकीच्या तिच्यावर रचल्या. अख्खा तालुका उलटा झाला. उत्तरेचा सातपुडा दक्षिणेला जाऊन बसला, आणि मी तो नकाशा मोठ्या कौतुकानं भाऊंपुढे ठेवला.

भाऊंनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"ताई, मी चहा पिऊन येईपर्यंत तुम्ही सातपुडा हलवला?"

त्या दिवशी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटली : 'सातपुडा वर आहे का?' ती अजून आहे.

* * *

धुळ्याकडचे एक सरपंच आले होते. नकाशा पाहून त्यांचा चेहरा पडला. "आमचं गाव सगळ्यात खाली का टाकलं?"

मी म्हटलं, "दक्षिणेला आहे ना, म्हणून."

"ते असू द्या. पण लोक काय म्हणतील?"

भाऊंना गिऱ्हाईक नाराज केलेलं चालत नाही. त्यांनी नकाशा फिरवून दक्षिण वर घेतली, नावं सरळ करून दिली. सरपंच खूश. मीच कुरकुरले, "आता उत्तरेचा बाण खाली तोंड करून बसलाय."

सरपंच म्हणाले, "बसू द्या. बाणाला कुठे मत असतं?"

* * *

भाऊंचा स्वतःचा भरवसा फक्त कागदावर. एकदा मुक्ताईनगरला रस्ता चुकलो, म्हणून मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. आपण वळलो की त्यातला नकाशाही वळतो. भाऊ चौकात उभे राहून डावीकडे वळले, उजवीकडे वळले, मग पूर्ण गोल फिरले. रिक्षावाले बघत होते.

मोबाइल मला परत देत म्हणाले, "मी म्हणेन तसा फिरतो हा. याला काय विचारायचं?"

* * *

आता असोद्याचं. हे भाऊंचंच गाव. पावसाचं पाणी अडवायला गावानं तळं करायचं ठरवलं आणि जागा आम्ही सांगायची होती. नकाशात सगळ्यात खोलगट जागा निघाली ती नानांच्या बागेत. नाना सत्तरीच्या पुढचे. बाग नुकती निसवलेली, घड बाहेर पडायला लागलेले. ते वांग्यांची पिशवी घेऊन ऑफिसात आले.

मी नकाशा भिंतीवर लावला होता. नाना म्हणाले, "बाई, तो खाली घे. जमीन कधी भितीवर टांगलेली पाह्यली का?"

मग त्यांनी तो फरशीवर पसरला, असोदा ज्या अंगाला आहे त्या अंगाला फिरवला आणि मांडी घालून बसले. बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"पानी माह्या केळीत येऊन थांबतं म्हनता. थांबू द्या. पन ते चढून येईन कसं?"

मी त्यांना समजावलं. मशीन चुकत नाही, डोळ्याला जमीन सपाट दिसते, वगैरे. नाना उठले, वांगी ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वांग्यांचं भरीत करून नेलं. डब्याखाली यावलचा तो जुना उलटा नकाशा होता. घास घेताना खालचा सातपुडा दिसला आणि मी डबा सोडून असोद्याची फाइल उघडली. चिठ्ठी विचारते सातपुडा वर आहे का. असोद्याच्या नकाशात सातपुडा येतोच कुठे? शेतांच्या हद्दी सरळ होत्या, उंची उलटी पडली होती.

सुलट केला. खोलगट जागा नानांच्या बागेतून निघाली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका कपाशीच्या वावरात गेली. ते वावर अक्कांचं. अक्का म्हणजे भाऊंची आई.

भाऊंनी पाहिलं. भरीत तसंच राहिलं. गावाची सभा दुसऱ्या दिवशी होती आणि चूक आम्हा दोघांनाच माहीत होती. सरपंचासाठी दक्षिण वर नेणारा माणूस हा. मला लाज वाटत होती आणि भीतीही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "प्रिंट काढा." कोणत्याची, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी दोन्ही काढल्या.

पारावर सगळं गाव बसलेलं. भाऊंनी दोन्ही गुंडाळ्या हातात घेतल्या, एक काखेत धरली आणि दुसरी खाली जमिनीवर पसरली. नानांनी फिरवला होता तसाच नकाशा फिरवला.

"आधीचा उलटा निघाला होता. चूक आमची. तळं नानांच्या केळीत नाही, आमच्या वावरात येतं."

नाना मान खाली घालून बसले. बायकांतून अक्का उठल्या आणि कमरेवर हात ठेवून नकाशापाशी आल्या.

"आपलं वावर कुठी हाये यात?"

भाऊंनी बोट ठेवलं. अक्कांनी वाकून पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं.

"पानी तं तठीच थांबतं. सून होऊन आली तैपासून पाहू राह्यली मी. तुमच्या कॉम्प्युटरले आज समजलं का?"