सावंतसाहेबांनी नामंजूर केलेला भूकंप

"पास्टर, यात भूकंप होतो," सावंतसाहेब म्हणाले आणि माझ्या प्रवचनाचा कागद त्यांनी टेबलावर उलटा ठेवला.

मी मुलुंडच्या एका मराठी चर्चचा पाळक. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही तुरुंगात उपासना घेतो. तुरुंग कुठला ते सांगत नाही, कारण मला अजून तिथे जायचं आहे. सावंतसाहेब तिथले जेलर. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. माणूस सरळ, पण 'सिक्युरिटी' हा शब्द आला की त्यांचा आवाज बदलतो. आत जे बोलायचं ते आधी लिहून त्यांना दाखवायचं, असा त्यांचा नियम. हा नियम कुठे लिहिलेला आहे, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशीचा माझा विषय होता पौल आणि सीला. हे दोघे प्रभूचं नाव सांगतात म्हणून तुरुंगात पडतात, आतमध्ये गाणी म्हणतात, मग भूकंप होतो, सगळी दारं उघडतात आणि सगळ्यांच्या बेड्या गळून पडतात. तुरुंगात सांगायला याहून योग्य गोष्ट नाही असं मला वाटत होतं. सावंतसाहेबांना याहून अयोग्य गोष्ट सापडत नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, पुढे वाचा. दारं उघडतात पण कैदी पळत नाहीत. सगळे जागेवर असतात."

"सगळे?"

"सगळे."

"गिनती झाली होती?"

गिनती म्हणजे कैद्यांची मोजणी. तुरुंगाचा सगळा दिवस तिच्यावर चालतो. पौलाच्या वेळी ती झाल्याचा उल्लेख नाही, हे मला कबूल करावं लागलं. मग साहेबांनी विचारलं, त्या तुरुंगाच्या जेलरचं काय झालं. तो बिचारा, कैदी पळाले असं समजून, तलवार काढून जीव द्यायला निघतो. हे ऐकल्यावर साहेबांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

"पास्टर, माका नोकरी करूची आसा," ते म्हणाले. "भूकंप सोडून दुसरं काही घ्या."

मी देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो ती गोष्ट सुचवली. साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आमच्या शास्त्रात माणसं इतक्या वेळा तुरुंगातून बाहेर पडतात, हे तोवर माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. शेवटी मला अनेसिम आठवला. हा एक गुलाम. मालकाकडून पळून गेलेला. त्याची आणि पौलाची गाठ पडते, तेव्हा पौल कैदेत असतो. पौल त्याला चिठ्ठी देऊन मालकाकडे परत पाठवतो.

"म्हणजे पळालेला परत जातो?" साहेब खुर्चीत पुढे झाले.

"स्वतःच्या पायाने."

"झकास. हेच घ्या. दर महिन्याला हेच घेतलंत तरी चालेल."

आता आमच्या या सेवेबद्दल थोडं सांगायला हवं. चर्चच्या वार्षिक अहवालात हिला 'प्रिझन मिनिस्ट्री' म्हणतात आणि कैद्यांना 'भुकेले आत्मे'. प्रत्यक्षात हॉलला पंखे आहेत आणि बरॅकमध्ये माणसं जास्त, पंखे कमी. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वचन ऐकायला झुंबड उडते. डिसेंबरमध्ये आम्ही केक नेतो, तेव्हाही उडते. खरे श्रद्धावंत कोण ते पावसाळ्यात कळतं. तेव्हा ना उकाडा, ना केक. हा प्रसंग पावसाळ्यातला आहे, म्हणून समोर जेमतेम दोन सतरंज्या भरल्या होत्या.

मी अनेसिमची गोष्ट सांगितली. पौल मालकाला काय लिहितो यावर भर दिला. याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी भरून देईन, हे मी माझ्या हाताने लिहून देतो आहे. ख्रिस्ती माणसाने दुसऱ्यासाठी असं उभं राहावं, असं मी म्हणालो. चांगलं म्हणालो. माझा मलाच गहिवर आला.

शेवटच्या ओळीत बसलेल्या एकाने हात वर केला. हा दीपक. घाटकोपरला फूटपाथवर मोबाईल दुरुस्त करायचा. चोरीचे फोन विकत घेतल्याचा आरोप होता. अजून खटला उभा राहिलेला नाही अशा माणसाला कच्चा कैदी म्हणतात, तसा तो कच्चा कैदी. धर्माने ख्रिस्ती नव्हे, पण पावसाळ्यातही न चुकता यायचा.

"पास्टर, ती चिठ्ठी लिहिणारा स्वतः आत होता ना?"

"हो."

"मग तो जामीनदार कसा होईल? आतला माणूस कोर्ट घेत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. तो हसला नाही.

"तुम्ही तर बाहेर आहात," तो म्हणाला.

उपासनेनंतर त्याने सगळं सांगितलं. त्याला जामीन केव्हाच मंजूर झाला होता. कोर्टाने सोडा म्हटलं होतं. पण नुसतं तेवढ्यावर माणूस सुटत नाही. हा तारखेला हजर राहील, नाही राहिला तर ठरलेली रक्कम मी भरीन, असं लिहून देणारा दुसरा माणूस लागतो. तो जामीनदार. त्याला पक्की नोकरी किंवा स्वतःचं घर हवं. दीपकची आई भांडुपच्या टेकडीवर भाड्याच्या खोलीत एकटी, पाण्यासाठी हंडे घेऊन चढउतार करणारी. नातेवाईकांनी फोन उचलणं बंद केलेलं. तुरुंगाचं दार कोर्टाने उघडून ठेवलं होतं आणि एका सहीसाठी हा आत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी मदतीवर केस लढणाऱ्या त्याच्या वकील मॅडमना भेटलो आणि सांगितलं, मीच जामीनदार होतो. मॅडमना आनंद झाला. माझे कागद बघेपर्यंत टिकला. मी राहतो ते घर चर्चचं. माझी पगाराची स्लिप त्यांनी कोर्टातल्या क्लार्कला दाखवली, तर त्याने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, तुमचं भागतं का? माझा अर्ज तिथेच संपला.

पण मला काळजी नव्हती. माझ्या चर्चमध्ये घर असलेल्या माणसांचा तुटवडा नाही. आमच्या कमिटीच्या टेबलाभोवती जेवढी माणसं बसतात, त्यांच्या फ्लॅटची संख्या माणसांपेक्षा जास्त भरेल. शिवाय हीच माणसं दर नाताळला तुरुंगात जाऊन बंधनं तोडणाऱ्या प्रभूची गाणी इतक्या जोरात म्हणतात की सावंतसाहेब बाहेर येऊन बघून जातात.

कमिटीत मी विषय मांडला. सेक्रेटरी उजगरेबाई सगळ्यांत आधी बोलल्या. या मुलासाठी आपण खास प्रार्थना ठेवू, त्या म्हणाल्या. सगळ्यांना ते फार आवडलं. डॉक्टरसाहेबांची तीन घरं आहेत, पण त्या दिवशी कळलं की तिन्ही बायकोच्या नावावर आहेत. बाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनाही ते त्याच दिवशी कळलं असावं. एकाच्या मुलाचा व्हिसा व्हायचा होता, कोर्टाच्या कागदावर नाव नको. एक म्हणाले, हा दीपक ख्रिस्ती असता तर गोष्ट वेगळी. दुसऱ्यांनी लगेच तीन वर्षांपूर्वी असाच जामीनदार शोधणाऱ्या एका ख्रिस्ती मुलाची आठवण काढली, तेव्हाही गोष्ट वेगळीच निघाली होती. शेवटी या नाताळला केक वाढवून न्यावेत, असा तोडगा निघत होता.

मला राग आला. रागावलेल्या पाळकाने काय बोलावं ते आम्हाला शिकवत नाहीत, म्हणून मी समोरचा चहा संपवला.

तेवढ्यात खजिनदार भिंगारदिवे बोलले. हे महापालिकेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. मेणबत्त्यांचीही पावती मागतात. तुरुंगातल्या केकला दरवर्षी विरोध करतात आणि दरवर्षी हरतात. कॉयरमधली गाणारी मुलं त्यांना लांबून बघून रस्ता बदलतात. यांच्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती.

"तो पळाला तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जामीनदाराकडून रक्कम वसूल होऊ शकते.

"म्हणजे प्रश्न पैशाचा आहे. मग मघापासून प्रार्थना कशाला मधे आणताय?" त्यांनी चष्मा पुसला. "मी राहतो उभा. आत एक माणूस कमी झाला तर एक केकही कमी. पुढल्या विषयावर चला."

पुढचा विषय कॉयरच्या माइकचा होता. त्यावर बरीच चर्चा झाली.

कोर्टात मॅडमनी भिंगारदिव्यांना बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, आरोपीला किती वर्षांपासून ओळखता?

"ओळखत नाही," भिंगारदिवे म्हणाले.

मॅडमनी डोळे मिटले. माझी तर वाट लागली.

"मग जामीनदार कशाला होताय?"

"या पास्टरांना ओळखतो. हे दर रविवारी सांगतात, दुसऱ्यासाठी उभं राहा. मला बावीस वर्षं ऐकून कंटाळा आला. एकदा राहून बघतो. आणि मुलाचा पत्ता मी काल स्वतः जाऊन बघितलाय. टेकडी चढवत नाही, पण घर आहे. आई आहे. भाड्याची पावती नाही, ती मी घ्यायला सांगितलीय."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागदांवरून एकदा नजर फिरवली आणि सही केली. मला वाटतं, पत्ता स्वतः जाऊन बघितलेला जामीनदार त्यांनीही फारसा पाहिला नसावा.

दीपक सुटला त्या संध्याकाळी भिंगारदिवे गेटबाहेर माझ्याबरोबर उभे होते. मुलाने वाकून नमस्कार केला. भिंगारदिव्यांनी त्याला पुढच्या तारखेचा कागद दिला, त्याची झेरॉक्स आईसाठी दिली आणि म्हणाले, "आला नाहीस तर मी टेकडी चढून येईन. मला परत चढायला लावू नकोस."

महिन्याभराने दीपकचा मला फोन आला. "पास्टर, सरांना काहीतरी सांगा ना. दिवसाआड फोन करतात. तारीख विचारतात, धंदा विचारतात, आईला डॉक्टरकडे नेलं का विचारतात. आत होतो तेव्हा निदान रात्री शांतता होती." त्यात त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. सरांच्या जुन्या मोबाईलची बॅटरी टिकत नव्हती, ती त्याने उपकार म्हणून फुकटात बदलून दिली. आता फोन जास्त वेळ चालायचे. एकही तारीख त्याने चुकवलेली नाही. त्याची तशी हिंमतच नाही.

यानंतरच्या रविवारी मी तुरुंगात गेलो तर हॉल भरलेला. पावसाळा संपायचा होता, केकला अवकाश होता, तरी माणसं दारापर्यंत बसली होती. क्षणभर मला वाटलं, प्रभूने माझ्या प्रवचनांना यश दिलं. मग सावंतसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"पास्टर, तो परत जाणारा गुलाम आजपासून बंद. दीपक सुटल्यापासून अख्खी बरॅक उपासनेला बसायचा अर्ज करतेय. माझ्याकडे एवढी माणसं नाहीत गार्डला ठेवायला."

"मग काय घेऊ?"

"भूकंप घ्या. त्यात निदान सगळे जागेवर राहतात."

म्हणून मी भूकंप घेतला. पौल गायला, जमीन हादरली, दारं उघडली. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी चर्चमध्येही पाहिलेली नाही. संपल्यावर पहिल्या ओळीतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "गोष्ट चांगली आहे, बाबा. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांची दारं कोर्टाने उघडलीच आहेत. भूकंप नको. ते दीपकचे सर अजून किती सह्या करतील?"

माझ्याकडे भिंगारदिवे एकच आहेत.

कमिटीत मी अहवाल दिला, उपस्थिती वाढली आहे. उजगरेबाईंनी देवाचे आभार मानले आणि केक वाढवण्याचा ठराव मांडला. भिंगारदिव्यांनी विरोध केला आणि नेहमीप्रमाणे हरले. मी त्यांच्या बाजूने हात वर केला होता, म्हणून या वेळी दोघे हरलो.

तुरुंगात सेवेला निघालेले तरुण पाळक कधीकधी माझा सल्ला विचारायला येतात. मी त्यांना एवढंच सांगतो की भूकंपावर बिनधास्त बोला, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पौलाच्या त्या चिठ्ठीवर बोलायचं असेल, तर मात्र आधी घराचे कागद असलेला एक माणूस बरोबर घेऊन जा.