स्वतंत्र मुलीचा कागद

पाटणकरांनी पुण्याहून मागवलेला पाचशेचा स्टॅम्प पेपर माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर टाइप केलं होतं, 'माझी कन्या ईशा, वय सतरा, आजपासून स्वतंत्र असून तिच्या निवासाची वा अन्य कोणतीही जबाबदारी माझ्यावर राहणार नाही.'

"मॅडम, याचं अरबी भाषांतर आणि तुमच्या वकिलांचा शिक्का. आज खलास झालं तर बरं. रविवारी मला कुवेतला जॉइन व्हायचंय."

मी इथे बहारीनमध्ये, अदलिया भागातल्या एका वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. आपल्या लोकांचा स्टॅम्प पेपरवर किती विश्वास असतो ते मला ठाऊक आहे. पण पोटच्या पोरीला त्यावर लिहून सोडणारा बाप पहिल्यांदाच पाहिला.

ईशा शेजारीच बसली होती. आई पाच वर्षांपूर्वी गेलेली. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर, त्यामुळे शाळा बदलणं शक्य नव्हतं. ती इथेच, गुदैबिया भागात, मैत्रिणीच्या घरी राहणार होती.

"आय वॉन्ट टू साइन इट, आंटी," ती म्हणाली. "इट्स कॉल्ड इमॅन्सिपेशन. मी वाचलंय."

वाचलं होतं ते खरं, पण दुसऱ्या देशांतलं. काही ठिकाणी कोर्ट अल्पवयीन मुलाला सज्ञान माणसासारखं वागायची मोकळीक देतं. भारतात तशी सोय नाही. बहारीनमध्ये व्यवहारापुरतं सज्ञान होतात एकविसाव्या वर्षी. त्याआधी कोर्टाची परवानगी मिळू शकते, पण अठरा पूर्ण झाल्यावर, आणि तीही फक्त स्वतःची मालमत्ता सांभाळायला. ईशाकडे मालमत्ता म्हणजे दप्तर.

मी पाटणकरांना विचारलं, "हिचा व्हिसा कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"आणि तुमचा?"

"कंपनीच्या. गुरुवारी कॅन्सल होतोय."

"मग हिचा?"

त्यांनी स्टॅम्प पेपर माझ्याकडे आणखी सरकवला. शेवटी मीच सांगितलं. बापाचा व्हिसा गेला की त्यावरचा मुलीचाही जातो. मैत्रिणीच्या घरी राहून तो मिळत नाही.

ईशाने पेन खाली ठेवलं. "बाबा, डिड यू नो?"

"अगं, तूच म्हणालीस ना, मला एकटीला जमेल म्हणून?"

माझं डोकंच फिरलं. "तिचं वयच आहे तसं म्हणायचं," मी म्हटलं. "तुमचं वय काय? या कागदाने ती मोकळी होत नाही, पाटणकर. तुम्हाला मोकळं व्हायचंय."

"कुवेतची कंपनी थांबणार नाही हो."

"विचारलंत?"

नव्हतं विचारलं.

तिथेच बसवून त्यांना ईमेल लिहायला लावला. चार ओळी. मुलीची परीक्षा आहे, दहा आठवडे द्या. दुसऱ्या दिवशी होकार आला. इथल्या कंपनीनेही नोटीस पीरियड वाढवून दिला. एवढंच काम होतं, आणि तेवढंही न करता हा माणूस मुलीला सोडायचा कागद घेऊन आला होता! आजही आठवलं की संताप होतो.

आता कोणी मुलाला स्वतंत्र करायला आलं की कायदा मी नंतर सांगते, आधी व्हिसा विचारते.

ईशा चांगल्या मार्कांनी पास झाली. निकालानंतर दोघं कुवेतहून दोन दिवसांसाठी आले, तेव्हा पेढे घेऊन ती एकटीच वर ऑफिसात आली.

"बाबा गाडीत बसलेत," म्हणाली.

वर यायची लाज वाटत असावी. वाटू दे.