रुखवतातली बैलजोडी

ओल्या रंगाला बोट लावल्याबिगर माह्या जीवाला चैन पडत न्हाई. वाळला का म्हणून बघायचं, की उमटला ठसा. मी शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई, सहीच्या जागी अंगठा देतो. हे बी मी सांगून राहिलो, लिवणारा दुसराच हाय. पर त्या बैलांच्या अंगावर मी जेवढे अंगठे दिले, तेवढे निजामाच्या कचेरीत बी दिले नसतील.

बैल पांगाऱ्याच्या लाकडाचे, वीतभर. धाकट्या बहिणीचं लगीन कळमनुरीच्या अल्याडच्या गावात ठरलं व्हतं. रुखवत म्हंजे पोरीकडच्यांनी मांडायचं, अन् पोराकडच्या बायांनी नावं ठेवायची. बहीण म्हणाली, "दादा, रुखवतात आपली जोडी करून दे. त्या घरी माह्या वळखीचं कोणीच न्हाई."

"देतो की! अशी चकाकंल की..."

"चकाकणारी नको. आपला बैल कुटं चकाकतो? चकाकला की बाजारातलं खेळणं झालं."

झाली पंचाईत. खापरानं घासून लाकूड गुळगुळीत केलं, तिथवर बराबर. पांढऱ्या मातीत बाभळीचा डिंक कालवून रंग दिला, तर बैल निसते काचेवानी. डिंक कमी केला, तर हात लावताच रंग हाताला. बैल कोरेच, मी पांढरा. माय म्हणाली, "नवरदेव कोण, तू का तो?"

शेवटी सुतारकाकाकडं गेलो. काका म्हणाला, "गवरीची राख फडक्यातून गाळून घाल. पातळ हात मार. अन् वाळंस्तोवर दुसऱ्या गावाला जा."

राख घातली. पर दुसऱ्या गावाला कोण जाऊन राहिलं? वट्यावर बसलो, उठलो, आडावर गेलो, परत आलो. बोट लावलं. घासून परत रंग दिला. बहिणीनं मग माहे हात धरूनच ठेवले, तवा कुटं रंग वाळला. अन् काय उतरली जोडी! गुळगुळीत, पर चकाकी न्हाई. धुळीतून नुकती घरी आल्यावानी.

हळदीच्या दिवशी मांडवात तूप-हळदीची वाटी दिसली. जोडी बाजूलाच. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळायचे, हे हाताला लहानपणापासून ठावं. हात इचारतो व्हय मला? दोन्ही बैलांचे खांदे मळून मोकळा झालो!

मग पुसाया गेलो. धोतराच्या सोग्यानं जेवढं पुसावं, तेवढा रंग निघाला. लाकडात तूप मुरून खांदे काळपट झाले, अन् वरून तुपाची चकाकी. बहिणीनं पाह्यलं. वरडली असती तर बरं झालं असतं. ती निसती म्हणाली, "उद्या त्या बाया हसतील, दादा."

लग्नात मी रुखवतापुढून हालतच नव्हतो. एवढा पुढं उभा, की एक करवली म्हणाली, "मामा, तुमी बी रुखवतातलेच का? सरका जरा."

सरकलो. तिनं बैल उचलला. "अगं बया, खांदा पाहा कसा चकाकून राहिला!"

बहिणीची मान खाली गेली. तवर पोराचा बाप आला. त्यानं बैल हातात घेतला, खांद्यावर अंगठा फिरवला. म्हणाला, "चकाकणारच. जू घासून घासून केस गेलेत. अंग धुळकट अन् खांद्याला घट्टा. ह्यो कामाचा बैल हाय. कोणी केला?"

गप बसावं का न्हाई? जीभ बी हातावानीच.

"मी केला. पर घट्टा न्हाई तो, मामा. काल खांदमळणी केली."

"लाकडाच्या बैलाची?"

"व्हय."

"काहून?"

"जोडी सासरी चालली म्हणून."

सारा मांडव हसला. ती करवली तर मटकन खालीच बसली. बहिणीच्या मुंडावळ्या हालून राहिल्या व्हत्या. मला वाटलं रडून राहिली. वाकून पाह्यलं, तर हसून राहिली. रुखवताला कोणीच नावं ठेवली न्हाईत. ठेवायला मी व्हतो ना.

निघताना तिनं जोडी मांडीवरच घेतली. गाडी हालली, तसा मी बाजूनं चालू लागलो. बोट शिवशिवत व्हतं.

"खांद्याचं तूप वाळलं का गं?"

"दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "बोट लावू नको."